झुडूप म्हणजे लहान झाड नव्हे



मराठीत झाडाला जेवढा मान आहे, तेवढा झुडपाला नाही. कर्त्या माणसाला आपण वटवृक्ष म्हणतो, आधार देणाऱ्याची सावली म्हणतो. झुडूप मात्र वाटेत आडवं येतं, पदराला अडकतं, फार तर कुंपणाला उपयोगी पडतं. गावांची नावं बघा. वडोदऱ्याच्या नावात वड आहे. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. पळसगाव, बाभूळगाव, पिंपळगाव तर जागोजागी. झुडपाच्या नावाचं गाव आठवायचं म्हटलं तर जरा थांबावं लागतं.

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकानेही झुडपाला असंच वागवलं. स्टेप म्हणजे गवत, वाळवंट म्हणजे वाळू आणि तैगा म्हणजे सूचिपर्णी झाडं, एवढं पाठ केलं की मार्क मिळायचे. तिन्ही व्याख्यांत झुडूप कुठेच नाही. या पाठात आपण त्याच तीन मुलखांतून जाऊ या, पण लक्ष झुडपावर ठेवून. तिथे कोणती झुडपं आहेत, त्यांच्या आसऱ्याने कोण जगतं, आणि माणसाने ती काढली तेव्हा काय झालं, हे बघू. प्रदेश दूरचे आहेत: कझाखस्तान, उझबेकिस्तान, सायबेरिया, फिनलंड. पण वाटेत ओळखीचे दोन-तीन चेहरे भेटतील.

झुडूप कशाला म्हणायचं?

झुडूप म्हणजे न वाढलेलं झाड, अशी आपली समजूत असते. वनस्पतिशास्त्र तसं मानत नाही. झुडपालाही झाडासारखं लाकूड असतं, पण एकच उभं खोड नसतं. बुंध्यापासूनच चार-सहा, कधी वीस-पंचवीस फांद्या फुटतात. उंची साधारण पाच-सहा मीटरच्या आत राहते.

ही रचना म्हणजे कमीपणा नाही, तो हिशोब आहे. उंच खोड उभारायला लाकूड लागतं, लाकडाला पाणी लागतं, पाणी शेंड्यापर्यंत चढवावं लागतं. जिथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम पडतो किंवा उन्हाळाच दोन-तीन महिन्यांचा असतो, तिथे हा खर्च परवडत नाही. झुडूप आपली पुंजी एका खोडात न गुंतवता अनेक फांद्यांत वाटून ठेवतं. एक फांदी उंटाने खाल्ली, एक वाऱ्याने मोडली, एक थंडीने वाळली, तरी बाकीच्या असतात. नवे कोंब फुटायच्या जागा जमिनीलगत असतात, म्हणून वरचं सगळं गेलं तरी खालून ते पुन्हा उगवतं. तिन्ही मुलखांत हाच हिशोब वेगवेगळ्या तऱ्हेने मांडलेला दिसेल.

१. स्टेप : दवण्याचा वास

हंगेरी-युक्रेनपासून मंगोलिया आणि मांचुरियापर्यंत काही हजार किलोमीटर पसरलेला माळ म्हणजे युरेशियाचा स्टेप. त्याचा मोठा भाग कझाखस्तानात येतो. समुद्र दूर, त्यामुळे हवा दोन्ही टोकांची: उन्हाळ्यात पारा चाळीसच्या आसपास, हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत. पाऊस कमी, वारा मात्र बारमाही.

इथलं राज्य गवताचं आहे, हे खरं. पण गवतात अधूनमधून झुडपांची बेटं असतात. त्यातलं एक करागना. पिवळी फुलं, शेंगा, काटे. तूर-हरभऱ्याच्या कुळातलं असल्यामुळे याच्याही मुळांवर गाठी असतात आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत मुरतो. हिवाळ्यात त्याचं आणखी एक काम सुरू होतं. उघड्या माळावर पडलेला बर्फ वारा उडवून नेतो, पण करागनाच्या जाळीत तो अडकून साठतो. वसंतात तो वितळला की तेवढ्या जागेला जास्तीची ओल मिळते. त्या ओलीवर गवत दाट येतं आणि दाट गवतात पिका नावाचा छोटा प्राणी राहतो. दिसायला उंदरासारखा असला तरी हा सशाचा नातलग. उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून तो त्याच्या गंज्या रचतो. हिवाळाभर तीच त्याची बेगमी. कझाखस्तानातल्या करागंडा शहराचं नाव या झुडपावरूनच पडलं, असं सांगतात. म्हणजे झुडपाच्या नावाचं एक गाव सापडलं!

स्टेपवरची दुसरी ठळक वनस्पती ओळखीची निघते. गुडघ्याएवढी, राखाडी-हिरवी, बुडाशी लाकडासारखी टणक, चुरगळली की उग्र कडवट वास. ही दवण्याची बहीण. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्यासोबत वाहतात तो दवणा आणि स्टेपवर मैलोन्‌मैल पसरलेली ही झुडुपवजा वनस्पती एकाच प्रजातीगटातल्या. कझाख भाषेत तिला ‘झुसान’ म्हणतात. बायबल वाचणाऱ्यांना यातलं आणखी एक नातं आठवेल. प्रकटीकरणाच्या पुस्तकात पाणी कडू करणारा जो तारा पडतो, त्याचं मराठी बायबलमधलं नाव ‘कडूदवणा’ आहे. आणि युक्रेनमधल्या चेर्नोबिल गावाला नाव मिळालं तेही याच गटातल्या एका वनस्पतीवरून. १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर अनेकांना हा योगायोग जाणवला.

या वासाची एक जुनी गोष्ट आहे. साहित्य मंडळात ती सांगायलाच हवी. बाराव्या शतकात स्टेपवर किपचाक टोळ्या राहत. कीवचा राजा व्लादिमीर मोनोमाख याच्याशी झालेल्या लढायांत त्यांचा पाडाव झाला. ओत्रोक नावाचा त्यांचा खान काकेशस पर्वत ओलांडून जॉर्जियाच्या राजाच्या आश्रयाला गेला. तिथे त्याला मान मिळाला, त्याच्या मुलीचं लग्नही राजघराण्यात झालं. पुढे मोनोमाख वारला. स्टेपवर मागे राहिलेल्या भावाने ओत्रोकला बोलावणं धाडलं. निरोप घेऊन एक गायक गेला. भावाने त्याला बजावून ठेवलं होतं: आधी आपली गाणी म्हण, आणि गाण्यांनीही तो वळला नाही तर त्याला माळावरची ही वनस्पती हुंगायला दे.

गायकाने निरोप सांगितला, गाणी म्हटली. ओत्रोक बधला नाही. मग गायकाने वाळलेली काडी त्याच्या हातात ठेवली. तिचा वास घेतला आणि खानाच्या डोळ्यांत पाणी आलं. परमुलखात मानाने राहण्यापेक्षा आपल्या मातीत मेलेलं बरं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो परत निघाला. तेराव्या शतकातल्या एका रशियन बखरीत ही हकिकत आली आहे. भाषेला जे जमलं नाही ते एका काडीच्या वासाने केलं. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यावर फार भाष्य नको.

आता या माळावरच्या प्राण्यांकडे. इथला सगळ्यात नवलाचा प्राणी म्हणजे सायगा. आकाराने साधारण बकरीएवढा, पण नाक असं की हत्तीची सोंड अर्ध्यावर थांबवावी. हे लोंबतं, फुगीर नाक उन्हाळ्यात कळपाने उडवलेली धूळ गाळतं आणि हिवाळ्यात आत जाणारी गार हवा ऊबदार करतं. गवत, दवण्याचे भाऊबंद, खारट जमिनीवरची झुडपं असा त्याचा चारा. मे महिन्यात हजारो माद्या एका ठिकाणी जमतात आणि आठ-दहा दिवसांत बहुतेक सगळ्या वितात. लांडग्यांनी खाऊन खाऊन किती खावं, अशी ही युक्ती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. गावांत रोजगार राहिला नाही. नराच्या शिंगांना चिनी औषधांच्या बाजारात मोठी किंमत होती. बेसुमार शिकार झाली. एके काळी दहा लाखांहून जास्त असलेले सायगा कझाखस्तानात २००३ च्या सुमारास जेमतेम २१,००० उरले. संरक्षण सुरू झालं, संख्या सावरू लागली, आणि २०१५ च्या मे महिन्यात, ऐन विण्याच्या दिवसांत, तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले. त्या वेळी जगात असलेल्या सायगांपैकी निम्म्याहून जास्त. काही कळपांत तर एकही वाचला नाही.

कारण शोधल्यावर कळलं की रोग होता घटसर्प. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना ज्याची लस टोचतात, तोच. जंतू सायगांच्या घशात एरवीही निपचित असतोच. त्या वर्षी हवा नेहमीपेक्षा गरम आणि फार दमट झाली, आणि तो उसळला. झुडूप आणि गवत जागेवर होतं, हवा बदलली.

तरीही सायगा सावरला. जुळी पिल्लं देणारा प्राणी, राखीव माळ आणि शिकाऱ्यांवर कडक पहारा, या तिन्हींचा गुण आला. २०२३ च्या डिसेंबरात ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून त्याचं नाव बरंच खाली आलं. २०२४ च्या गणतीत कझाखस्तानात २८ लाखांवर सायगा मोजले गेले. आता तिथले शेतकरी पिकांच्या नुकसानीची तक्रार करतात, आणि किती राखायचे, किती मारायचे, यावर वाद चालू आहे.

असाच वाद आपल्या शेतावरही असतो, आणि तोही स्टेपच्या एका पाहुण्याशी. हिवाळ्यात ज्वारीच्या रानावर गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. ती भोरडी, तिलाच पळसमैना म्हणतात. कणसं टिपते म्हणून शेतकरी गोफण घेऊन माचाणावर उभा राहतो. पण भोरडी इथली नव्हे. पळस फुलून गेला की ती उत्तरेला जाते आणि मध्य आशियाच्या खडकाळ माळावर, दगडांच्या सापटीत घरटी करते. तिथे ती मुख्यतः टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर तिने यावं आणि टोळ खावेत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. एकच पक्षी, एका टोकाला त्याच्यासाठी घर बांधतात, दुसऱ्या टोकाला त्याच्यावर गोफण चालते.

या माळावर नांगरही चालला. १९५४ मध्ये ख्रुश्चेव्हच्या काळात सोव्हिएत सरकारने उत्तर कझाखस्तान आणि पश्चिम सायबेरियाची ‘अस्पर्श भूमी’ लागवडीखाली आणायची मोहीम काढली. काही वर्षांत कोट्यवधी एकर माळ उलटा झाला. सुरुवातीला गहू भरपूर आला. साठीच्या दशकात मात्र उघडी पडलेली माती वाऱ्याने उडू लागली, धुळीची वादळं झाली. मग शेतांच्या कडेने वारा अडवायला झुडपांच्या आणि झाडांच्या रांगा लावायची पाळी आली. त्या कामाला करागनाही होतं.

२. वाळवंट : पालकाचा दणकट भाऊ

स्टेपवरून दक्षिणेला उतरत गेलं की गवत विरळ होतं आणि काराकुम, किझिलकुम ही वाळवंटं लागतात. ‘कुम’ म्हणजे वाळू. एक काळी, एक तांबडी. इथलं मुख्य झुडूप म्हणजे सक्साऊल.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वाळलेलं वाटेल. खोड पिळवटलेलं, पानं दिसतच नाहीत. पानांचे नुसते बारीक खवले उरलेले असतात. अन्न तयार करायचं काम कोवळ्या हिरव्या काड्या करतात. पान नाही म्हणजे पाण्याची वाफ कमी. उन्हाळा फारच तापला की काही काड्या गाळून टाकायच्या, म्हणजे तेवढा खर्च वाचला. मुळं दहा मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. गंमत म्हणजे हे दणकट झुडूप पालक, चाकवत आणि राजगिरा यांच्या कुळातलं आहे. चाकवताची पातळ भाजी खाताना हे नातं कुणाच्या मनातही येणार नाही.

सक्साऊलचं लाकूड इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. कुऱ्हाडीला दाद देत नाही, पण ठिसूळ असल्यामुळे आपटलं तर मोडतं. आणि जळतं ते कोळशासारखं, हळू आणि कडक. त्याचा हा गुणच त्याच्या मुळावर आला.

आधी त्याच्या आसऱ्याने कोण राहतं ते बघू. उंट कोवळ्या काड्या चघळतात. मोठा जर्बिल नावाचा, खारीएवढा कुरतडणारा प्राणी काड्या तोडून बिळात साठवतो. त्याच्या बिळांची वसाहत म्हणजे जमिनीखालची चाळच. उन्हापासून आणि थंडीपासून वाचायला सरडे, साप, किडे, कोल्हे, सगळे तिचा उपयोग करतात. या जर्बिलांच्या पिसवांतून प्लेग पसरतो, म्हणून कझाखस्तानात बालखाश सरोवराच्या दक्षिणेकडे कित्येक दशकं बिळं मोजली गेली. त्या नोंदींतून कळलं की भरलेल्या बिळांचं प्रमाण एका ठरावीक मर्यादेपुढे गेलं की मगच, साधारण दोन वर्षांच्या अंतराने, साथ दिसू लागते.

सक्साऊलच्या फांद्यांत घरटं करणारा एक पक्षी कावळ्याच्या कुळातला आहे. पण हा कावळा उडण्यापेक्षा धावतो. वाळूवर टकाटका पळत किडे आणि बिया शोधतो, आणि पुढच्या दिवसांसाठी वाळूत पुरूनही ठेवतो. झुडूप नसेल तर त्याला घरटं बांधायला या सपाटीवर उंच जागाच नाही.

आता मुळावर आलेला गुण. गावांच्या चुली, कारखान्यांच्या भट्ट्या, सगळ्यांना सक्साऊलचं सरपण लागलं. विसाव्या शतकात त्याची मोठी तोड झाली. कबाब भाजायला आजही हेच लाकूड चांगलं मानतात. झुडूप निघालं की त्याने धरून ठेवलेली वाळू मोकळी होते आणि चालू लागते. रस्त्यावर, विहिरीवर, घरांवर.

त्यातच अरल समुद्राचं संकट आलं. अरल हे खरं तर सरोवर, १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचं, जगातलं चौथ्या क्रमांकाचं. त्याला पाणी पुरवणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या कापसाच्या शेतीसाठी कालव्यांत वळवल्या गेल्या. सरोवर आटत गेलं. २००७ च्या सुमारास मूळ क्षेत्रफळाच्या जेमतेम दहावा हिस्सा उरला. उझबेकिस्तानातलं मुयनाक एके काळी मासेमारीचं बंदर होतं. आज पाणी तिथून शंभर किलोमीटरहून दूर गेलं आहे आणि गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. सरोवराच्या तळाचं नवं वाळवंट झालं. त्याला अरलकुम म्हणतात. तळाशी मीठ होतं आणि शेतांतून वाहत आलेली कीटकनाशकंही होती. वारा सुटला की ती धूळ गावांत येते, लोकांच्या छातीत जाते, पिकांवर बसते.

तोडलेलं झुडूप इथे पुन्हा आठवलं. २०१८ च्या अखेरीपासून उझबेकिस्तानने कोरड्या तळावर सक्साऊल लावायची मोठी मोहीम सुरू केली. ट्रॅक्टरने चर काढून रोपं लावली, बी पेरलं, विमानातूनही बी टाकलं. सक्साऊलच्या बियांना पंख असतात, वाऱ्याबरोबर ते पसरतं, पण बी फार दिवस टिकत नाही. वेळेवर पेरावं लागतं. लावलेलं सगळंच जगतं असंही नाही. मिठाचा थर जाड असेल तिथे बरीच रोपं मरतात. जी जगतात त्यांच्या बुडाशी वाळू थांबते, मग दुसरं काही उगवतं, मग जर्बिल येतो, त्याच्या मागून कोल्हा येतो.

सक्साऊलने समुद्र परत येणार नाही, हे लावणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तो धूळ जागेवर धरून ठेवेल, एवढीच आशा आहे. ज्याला सरपण म्हणून तोडलं त्यालाच आता हात जोडून लावावं लागतंय.

३. तैगा : बर्फाखाली झोपणारा पाइन

आता उलट, उत्तरेकडे जाऊ. स्टेप संपतो तिथून झाडं सुरू होतात: पाइन, स्प्रूस, लार्च, बर्च. स्कँडिनेव्हियापासून पॅसिफिक महासागरापर्यंतचं हे अरण्य म्हणजे तैगा. इथे झाडांना तोटा नाही. पण त्यांच्या पायाशी आणि त्यांच्या पलीकडे, झाडंही हरतात अशा उतारांवर, झुडपंच आहेत.

ईशान्य सायबेरियात थंडी उणे ६७ अंशांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तिथे डोंगरउतारांवर एक पाइन वाढतो, पण तो झाड होत नाही. दोन-तीन मीटरचं झुडूप होऊन जमिनीवर पसरतो. रशियन लोक त्याला ‘स्तलानिक’ म्हणतात, म्हणजे पसरून निजणारा. नाव अगदी शब्दशः खरं आहे. थंडी सुरू झाली की त्याच्या फांद्या हळूहळू वाकून जमिनीला टेकतात. मग बर्फ पडतो आणि तो झाकला जातो. जाड बर्फ हा कमी-जास्त गोधडीसारखाच. वर उणे पन्नास असलं तरी खाली जमिनीलगत थंडी बरीच सौम्य असते. वसंताची चाहूल लागली की तो पुन्हा उठून उभा राहतो.

वारलाम शलामोव्ह हा रशियन लेखक १९३७ मध्ये पकडला गेला आणि त्याने कोलिमाच्या छळछावण्यांत कित्येक वर्षं काढली. त्याने या झुडपावर एक छोटी कथाच लिहिली आहे. स्तलानिक निजला की बर्फ येणार आणि उठला की हिवाळा संपला, हे तिथल्या कैद्यांचं पंचांग होतं. जवळ शेकोटी पेटवली तर हे झुडूप उबेला फसून उठतं, असंही त्याने लिहिलं. छावण्यांत स्कर्व्ही रोगावर औषध म्हणून स्तलानिकच्या सुयांचा कडू काढा कैद्यांना सक्तीने पाजत. त्याचा उपयोग होत नव्हता, अशी शलामोव्हची कडवट नोंद आहे. जिथे माणसाला माणसाचा आधार उरला नव्हता, तिथे एका लेखकाने झुडपाकडे इतकं बारकाईने पाहिलं, हे मला विशेष वाटतं.

स्तलानिकच्या शंकूंत चिलगोज्यासारख्या बिया असतात. बियांना पंख नसतात, त्यामुळे त्या वाऱ्याने पसरू शकत नाहीत. ते काम एक पक्षी करतो. हा नटक्रॅकरही कावळ्याच्याच कुळातला. हिवाळ्यासाठी तो हजारो ठिकाणी थोड्या थोड्या बिया पुरून ठेवतो आणि पुढे बर्फ उकरून बहुतेक नेमक्या शोधूनही काढतो. ज्या राहून जातात त्यांतून नवी रोपं उगवतात. एकाच जागी चार-पाच रोपं दाटीने आली की समजावं, हा नटक्रॅकरचा विसरलेला डबा. चिपमंक नावाची पट्टेदार खारही बिळात या बियांचा साठा करते. आणि अस्वल ते बीळ उकरून तिची वर्षभराची बेगमी एका बैठकीत फस्त करतं. हिवाळाभर झोपायचं तर चरबी हवी, आणि ती या बियांतून आणि झुडपांच्या फळांतून मिळते.

फळं म्हणजे बिलबेरी आणि लिंगनबेरी. दोन्ही गुडघ्याच्याही खालची झुडपं. बिलबेरी करवंदासारखी गडद, खाल्ली की जीभ जांभळी होते. लिंगनबेरी लाल आणि आंबट. लिंगनबेरीत बेंझोइक आम्ल मुळातच असतं. बाटलीबंद लोणचं-सॉस टिकावा म्हणून ज्याचा क्षार घालतात, तेच हे. म्हणून ती फळं पाण्यात नुसती घालून ठेवली तरी बरेच दिवस टिकतात. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या देशांत एक जुना रिवाज आहे: जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातली रानफळं कुणीही तोडावीत.

पण माणसाच्या आधी इथे हक्क कॅपरकॅलीचा. हा मोरापेक्षा थोडा लहान, काळसर रानकोंबडा. त्याची पिल्लं पहिले काही आठवडे मुख्यतः किडे आणि अळ्या खाऊन वाढतात. त्या अळ्या बिलबेरीच्या पानांवर असतात, आणि ससाण्यापासून लपायला जागाही बिलबेरीखालीच. लाकडासाठी तैगाचा पट्टा सरसकट तोडला की कडक ऊन पडतं, जमीन नांगरली जाते, बिलबेरी मागे हटते. नवी झाडं लावतात, ती वाढतातही. दुरून पाहिलं तर अरण्य पुन्हा हिरवं दिसतं. झाडं मोजणाऱ्याच्या कागदावर सगळं ठीक असतं. फक्त खालचा थर विरळ झालेला असतो आणि कॅपरकॅलीची पिल्लं जगत नाहीत.

शब्दांचा हिशोब

तिन्ही मुलखांतली गोष्ट शेवटी एकाच जागी येते. स्टेपला ‘अस्पर्श भूमी’ म्हटलं आणि नांगर घातला. सक्साऊलला ‘सरपण’ म्हटलं आणि तोडलं. बिलबेरीला काहीच म्हटलं नाही, तिची गणतीच केली नाही. प्रत्येक वेळी आधी शब्दाने जमीन रिकामी केली, मग ती खरोखर रिकामी झाली.

आपल्या भाषेतही असा एक शब्द आहे, आणि तो न्यायालयापर्यंत गेला. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली हजारो हेक्टर जमीन आहे. गावाची गुरं चारायची, खुरटी झाडंझुडपं असलेली. हे जंगल की नुसती पडीक जमीन, यावर कित्येक दशकं घोळ चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानावी, असा निर्णय दिला. दोन शब्दांपैकी ‘झुडपी’वर भर द्यायचा की ‘जंगल’वर, एवढाच खरा प्रश्न होता. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. एखाद्या विशेषणावर इतकी जमीन अवलंबून असल्याचं उदाहरण रोज सापडत नाही.

निवाडा झाला तरी त्या जमिनीवर घरं बांधून राहिलेल्या लोकांचं काय, हा प्रश्न उरतोच. स्टेपवरच्या शेतकऱ्याचंही तसंच आहे, अरलच्या काठच्या कोळ्याचंही. झुडूप वाचवणं म्हणजे माणूस हटवणं नव्हे. पण ‘इथे काहीच नाही’ असं म्हणून सुरुवात केली की शेवटी माणसालाही तिथे राहता येत नाही, हे अरलने दाखवून दिलं आहे.

अभ्यासासाठी

१. झुडपाची रचना आणि कोरडी किंवा अतिथंड हवा यांचा संबंध करागना, सक्साऊल आणि स्तलानिक यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. नटक्रॅकर आणि स्तलानिक, जर्बिल आणि सक्साऊल, पिका आणि करागना या जोड्यांत कोण कोणावर अवलंबून आहे? कोणत्या जोडीत देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे?

३. ओत्रोक खानाच्या गोष्टीत गाणं हरतं आणि वास जिंकतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने याकडे कसं पाहावं? एका पानात लिहा.

४. उजाड, ओसाड, पडीक, वैराण, माळ, रान, गायरान या शब्दांतले अर्थाचे फरक लिहा. यांतला कोणता शब्द जमिनीचं वर्णन करतो आणि कोणता माणसाचा हेतू सांगतो?

५. आपल्या कॉलेजच्या किंवा घराच्या आसपासचं एक झुडूप निवडा. घाणेरी, तरवड, रुई, करवंद, बोर, काहीही चालेल. त्यावर येणारे किडे-पक्षी आठवडाभर पाहून नोंदवा. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, जिथे असाल तिथलं मराठी नाव वेगळं निघण्याची बरीच शक्यता आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीला ही नावं घेऊन या. आपण त्यांची यादी करू.